मत एकच, पण वजन?

प्रश्न : माझ्याकडे एक मत आहे आणि अब्जाधीशाकडेही एकच. मग कुणाकडे किती पैसा आहे, यानं लोकशाहीचं काय बिघडतं? हा निव्वळ मत्सर नाही का?

उत्तर : मी इतिहास शिकवायचे तेव्हा वर्गात दरवर्षी कुणीतरी हेच विचारायचं. त्यांना सांगायचे ती व्हेनिसची हकिगत तुम्हालाही सांगते.

मध्ययुगात तिथल्या व्यापाऱ्यांत एक करार चाले. भांडवल घरी बसलेल्या धनिकाचं, जहाजावर माल घेऊन जायचं ते पैसा नसलेल्या तरुणानं. परत आल्यावर नफ्याचा साधारण चौथा हिस्सा त्याचा. काही सफरी नीट पार पडल्या, की तोही भांडवलवाला होऊ शके. अशी नवी माणसं नगराची सत्ता हाती असलेल्या महापरिषदेतही पोहोचू लागली. मग १२९७ मध्ये परिषदेचं दार बाहेरच्यांसाठी बंद व्हायला सुरुवात झाली. पुढे सदस्यत्व वंशपरंपरागत झालं, आणि दूरदेशीचा सगळ्यात किफायतशीर व्यापारही त्याच घराण्यांच्या मुठीत गेला. आधी पैशानं सत्ता मिळाली, मग त्या सत्तेनं इतरांची पैसा मिळवायची वाट अडवली. मला कुणाची श्रीमंती खुपत नाही, हे लावून घेतलेलं दार खुपतं.

आता तुमचं ‘एकच मत’. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मत चारचौघांत, उघड द्यावं लागे. कुळानं कुणाला मत दिलं ते जमीनदाराला कळायचं, आणि कुळाच्या डोक्यावरचं छप्पर जमीनदाराच्या मर्जीवर. मोजताना दोघांचं मत सारखंच! गुप्त मतदान आलं तेव्हा कुठे कुळाला जरा मोकळा श्वास घेता आला.

आज पैशाचं वजन पडतं ते मतदानाच्या कितीतरी आधी. उमेदवारी कुणाला, प्रचाराचा खर्च कोण उचलतो, कुठली बातमी दाबली जाते, कायद्याचा मसुदा आधी कुणाच्या टेबलावर जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तर २०१० मध्ये कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक-खर्चावरची बंदीच उठवली. तुम्ही बटण दाबता तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं. राजकारणात समता आणि आर्थिक-सामाजिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ चालू दिली तर विषमतेनं पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उडवून देतील, असं डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. त्यांना कुणाचा मत्सर वाटत होता, असं तुम्हीही म्हणणार नाही.

आणि मत्सराचंच म्हणाल, तर अमेरिकेतली रॉकफेलर यांची बलाढ्य तेल कंपनी स्टँडर्ड ऑइल पाहा. रेल्वे कंपन्या तिला भाड्यात गुपचूप सूट देत. छोट्या तेलवाल्यांनी टिकायचं कसं? १९११ मध्ये न्यायालयाच्या निकालानं तिचे ३४ तुकडे झाले. रॉकफेलर त्यामुळे गरीब झाले नाहीत. त्या तुकड्यांचे शेअर इतके वधारले, की त्यांची संपत्ती उलट वाढली.