पाच महिन्यांचा कोंबडा अचानक पायांवर झडप घालू लागला आहे. काय करावे?

त्याला लाथ मारू नका आणि त्याच्यापासून पळूही नका. तो शांत होईपर्यंत जागेवरच स्थिर उभे राहा आणि मगच सावकाश आपल्या कामाला लागा. साधारण चार ते सहा महिन्यांत नर वयात येतो, टेस्टोस्टेरॉन वाढते आणि माद्यांभोवती वावरणारा माणूस त्याला प्रतिस्पर्धी वाटू लागतो. अशा वेळी मारले की तो त्याला आव्हान समजतो आणि पळाले की आपण जिंकलो असे शिकतो. कोंबड्या पाळताना मला सर्वांत उपयोगी पडले ते हल्ल्याआधीची चिन्हे ओळखणे: मानेची पिसे फुलतात, एक पंख जमिनीकडे झुकतो आणि तो तिरका चालत जवळ येतो. हे दिसताच हालचाल मंद करा, दाणे टाकताना बादली त्याच्या आणि आपल्या पायांच्या मध्ये धरा, आणि त्याच्यासमोर माद्या पकडणे टाळा. मात्र काही कोंबड्यांत हा स्वभाव आनुवंशिक असतो. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्याला वेगळे ठेवा आणि त्याच्यापासून पिल्ले घेऊ नका. लहान मुलांना तर आजपासूनच दूर ठेवा, कारण उडी मारलेल्या कोंबड्याची नखे त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात.