घोडीचे दिवस भरले, तरी शिंगरू का येत नाही?

गाभण घोडीबद्दल या वेळी तीन प्रश्न आले आहेत. एका पशुपालकाच्या घोडीला ३५२ दिवस झाले, पण कास भरलेली नाही. इंजेक्शन देऊन तिला मोकळी करावी का, असे ते विचारतात. एका ताईंच्या दोन घोड्या एकाच आठवड्यात, एकाच वळू घोड्याकडून भरवल्या होत्या. त्यातली एक व्यायली आणि दुसरी तीन आठवडे मागे राहिली. पोटात नर असल्यामुळे असे होते का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. तिसऱ्या शेतकऱ्यांची घोडी दहाव्या महिन्यात आहे आणि तिच्या सडांतून आत्ताच दूध ठिबकते आहे. शिंगरू लवकर येणार म्हणून ते खुशीत आहेत.

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. ही खुशीची गोष्ट नाही, आजच्या आज पशुवैद्यकांना बोलवा. घोडीची कास साधारणपणे व्यायच्या आधीच्या तीन ते सहा आठवड्यांत हळूहळू भरते. सड टोकापर्यंत अगदी शेवटच्या दिवसांत तणावतात. त्याच्या खूप आधी दूध गळू लागले, तर वारेला (गर्भाला पोसणाऱ्या, जन्मानंतर पडणाऱ्या आवरणाला) जंतुसंसर्ग झाल्याची किंवा पोटात जुळी असल्याची शंका घ्यायची. संसर्ग बहुतेक वेळा योनीमार्गाने वर चढतो, त्यामुळे शेपटीखाली स्राव किंवा वाळलेला डाग दिसतो का तेही पाहा. वेळेत औषध सुरू झाले तर गर्भ टिकवता येतो. नाहीतर घोडी गाभडते, किंवा कच्चे शिंगरू जन्माला येते. ३२० दिवसांच्या आत आलेले शिंगरू अपुऱ्या दिवसांचे धरतात, आणि ३०० दिवसांच्या आतले क्वचितच जगते. शिवाय जे दूध आज वाया जाते आहे तो चीक आहे, आणि शिंगराला रोगांशी लढायचे बळ त्यातूनच मिळते. तो आधीच गळून गेला असेल, तर दुसऱ्या घोडीच्या चिकाची सोय आत्ताच बघून ठेवावी लागेल.

आता ३५२ दिवसांची घोडी. इंजेक्शन नको, हे पहिल्यांदा सांगतो. गाय ठरलेल्या दिवसांच्या आसपास विते, म्हणून घोडीकडूनही आपण तीच अपेक्षा ठेवतो. पण घोडीचा हिशेब सैल असतो. सरासरी ३४० दिवसांच्या जवळपास असली, तरी ३२० ते ३६५ दिवस ही निरोगी घोडीची सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि वर्ष ओलांडून धडधाकट शिंगरू दिलेल्या घोड्याही आहेत. शिवाय उशिरा आलेले शिंगरू फार मोठे होऊन अडकेल, ही भीती बहुधा खोटी ठरते. लांबलेल्या गाभणपणातली शिंगरे उलट पुष्कळदा लहानखुरी आणि बारीक असतात. गर्भाशयाचे अस्तर जुने, निबर झालेले असेल तर गर्भ सावकाश वाढतो आणि जास्त दिवस मागून घेतो.

घाई करू नये याचे खरे कारण शिंगराच्या शरीरात आहे. फुफ्फुसे आणि इतर अवयव बाहेरच्या जगासाठी तयार होण्याचे शेवटचे काम जन्माच्या आधीच्या मोजक्या दिवसांत उरकते, आणि ते सुरू झाल्याची खूण कॅलेंडरवर दिसत नाही. कास सुकी असताना कळा आणल्या, तर दिवस भरलेले पण आतून कच्चे शिंगरू हाती येते. खूण दिसते ती कासेत. दूध पातळ, पिवळसर असते ते दाट आणि पांढरे होत जाते, सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब येतात, दुधातले कॅल्शियम वाढते आणि त्याचा सामू (पीएच) सातच्या वरून ६.४ च्या आसपास उतरतो. कॅल्शियम आणि सामू दोन्ही कागदी पट्टीवर घरच्या घरी तपासता येतात.

तरी निर्धास्तही राहू नका. गर्भ जिवंत आहे का, त्याच्या हृदयाचे ठोके ठीक आहेत का, हे पोटावरून सोनोग्राफी करून बघून घ्या. आणि चारा तपासा. टॉल फेस्क्यू गवतात वाढणाऱ्या एका बुरशीच्या विषाने दूध आणणारे संप्रेरक दबते. मग गाभणपण लांबते, कास भरत नाही आणि वार जाड होते. अशा कुरणावर घोडी चरत असेल तर तिला गाभणपणाच्या ३०० व्या दिवसाच्या आतच तिथून हलवायला हवे होते. अजून तिथे असेल तर आज हलवा आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, त्यावर औषध आहे. जाड वारेची घोडी विताना पांढऱ्या पडद्याऐवजी लाल, मखमली पिशवी आधी बाहेर येऊ शकते. तेव्हा डॉक्टरांची वाट बघायची नाही. पिशवी ताबडतोब फाडून शिंगरू बाहेर घ्यायचे, कारण वार सुटली की त्याचा प्राणवायू बंद होतो. चाऱ्यातली आयोडीनची कमतरता आणि जास्त नायट्रेट यांनीही दिवस लांबतात. म्हणून मनानेच आयोडीन चारू मात्र नका, जास्त झाले तरी शिंगराला गलगंड होतो.

ताईंच्या प्रश्नात उत्तर अर्धे दडलेले आहे. नर शिंगरू आईच्या पोटात थोडे जास्त राहते हे खरे, पण ते सरासरीने एक-दोन दिवस. तीन आठवडे नव्हे. तीन आठवडे म्हणजे घोडीच्या माजाचे एक पूर्ण चक्र! दुसरी घोडी पहिल्या वेळी राहिलीच नसेल आणि पुढच्या माजात घोड्याजवळ गेली असेल, तर हिशेब बरोबर जुळतो. तसे झाले नसेल तरी माज पाच ते सात दिवस टिकतो, बीज तो संपत येताना सुटते आणि घोड्याचे शुक्राणू घोडीच्या शरीरात काही दिवस जिवंत राहतात. त्यामुळे भरवल्याच्या तारखेत तेवढी चूक गृहीतच धरा. चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी केली तर तारीखही पक्की होते आणि जुळी असतील तर तेव्हाच कळते. जुळी घोडीला सहसा पेलत नाहीत.

एवढ्यावरही फरक उरला तर घोडीकडे पाहा. पहिलारू घोड्या आणि वयस्क घोड्या थोडे जास्त दिवस घेतात. अंगाने खंगलेली घोडीही घेते. शेवटच्या तीन महिन्यांत फासळ्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, इतपत अंग हवे. ऋतूचा परिणाम मात्र लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. दिवस लहान असताना विणाऱ्या घोड्या जास्त दिवस घेतात, आणि दिवस मोठे होत गेले की हा काळ आखडतो. शेवटच्या महिन्यांत तबेल्यात दिवा लावून एकूण १६ तास उजेड दिला तर घोडी सरासरीने दहाएक दिवस आधी विते. ज्यांच्याकडे वर्षभर दिवसमान फारसे बदलत नाही, त्यांनी मात्र या दिव्याकडून फार आशा धरू नये.

दोन्ही घोड्यांची वही ठेवा. भरवल्याची प्रत्येक तारीख, कास भरायला लागल्याचा दिवस, व्यायल्याचा दिवस, नर की मादी, एवढे पुरे. एकच घोडी वेतामागून वेत साधारण आपल्याच ठेवणीने चालते, त्यामुळे तिच्या मागच्या वेतांचे आकडे माझ्या सरासरीपेक्षा जास्त उपयोगी पडतील. फक्त वळू बदलून गाढवाकडून भरवली असेल तर ते आकडे बाजूला ठेवा. गाढवीचे गाभणपण वर्षाच्या आसपास असते, आणि खेचराचा गर्भ घोडीच्या पोटातही शिंगरापेक्षा काही दिवस जास्त थांबतो.