फेरीबोटीसाठी बॅटरीवरची मोटर बनवतोय, सरकारी अनुदान मिळेल का?
मिळू शकतं. जरूर अर्ज करा, गोव्यातल्या रायबंदर-चोडणसारख्या छोट्या फेऱ्यांना अशी मोटर खरंच हवी आहे. हाती अजून आराखडाच आहे, तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘निधी-प्रयास’ योजना आधी बघा: नमुना बनवायला 10 लाखांपर्यंत, कंपनी नोंदवलेली नसली तरी चालतं. अर्ज इन्क्युबेशन केंद्रामार्फत, म्हणजे नवउद्योगांना घडवणाऱ्या केंद्रामार्फत जातो. रेल्वेची 2022 ची स्टार्टअप योजना दीड कोटीपर्यंत देते, पण निम्मा खर्च आपला आणि कामं रेल्वेची, म्हणून तुमच्या उपयोगाची नाही.

अर्जात मोटरचं कौतुक कमी करा. गाड्यांनी भरलेली बोट भरतीच्या उलट ओढीत नेताना एका फेरीला किती युनिट लागतील, ते मांडा. बोटीवर चाचणीसाठी गोवा सरकारच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स (बंदर) खात्याशी आताच बोलून ठेवा.