आधी आउटकम ठरव, मग फायली उघड

प्रिय,

तुझा मेसेज वाचला, नीट वेळ काढून वाचला. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या (आरए, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) पेशंटना बायोलॉजिक औषधांचा (जिवंत पेशींत बनवलेली, आजारातला नेमका रेणू अडवणारी महाग औषधं) जास्त फायदा होतो का हे जुन्या फायलींवरून बघायचंय, एक्सेल शीट तयार आहे, आता कुठली स्टॅटिस्टिकल टेस्ट लावू असं विचारलंयस. टेस्टचं नंतर बघू. फायदा झाला हे तू कशावरून ठरवणार, किती महिन्यांनी ठरवणार आणि ते पेशंट सांगणार की डॉक्टर, म्हणजे तुझा आउटकम काय, हे त्या अख्ख्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्या विषयातलं निम्मं संशोधन इथेच घसरतं. आकडेमोड चुकली तर ती दुरुस्त करता येते, पण चुकीची गोष्ट मोजली असेल तर पुढे कितीही हुशार गणित लावलं तरी काही उपयोग नसतो.

ब्लडप्रेशरचं काम करणाऱ्यांना एक आकडा मिळतो. आपल्याला तसा मिळत नाही, दुखणं, सूज, सकाळचा आखडलेपणा, थकवा, सीआरपी (दाह दाखवणारा रक्तातला आकडा), एक्सरेवरची झीज, कामावर जाता येतं की नाही, या सगळ्याचं गाठोडं असतं, आणि प्रत्येक स्कोअर त्या गाठोड्यातलं काही उचलतो, काही मागे ठेवतो. काय मागे ठेवतो हे माहीत असल्याशिवाय स्कोअर वापरू नकोस.

डीएएस २८ चंच घे, आजार किती चढलाय हे सांगणारा स्कोअर, तुझ्या शीटमध्ये तोच आहे. त्यात २८ सांधे, पावलं आणि घोटे नाहीत. सुरुवातीच्या आजारात कित्येकांना पहिला त्रास पायाच्या बोटांच्या मुळाशीच होतो, म्हणजे चालताना जीव जाणारा माणूस कागदावर रेमिशनमध्ये, म्हणजे आजार जवळजवळ शांत झालेला, असू शकतो. दुसरं म्हणजे फॉर्म्युल्यात दुखऱ्या सांध्यांचं वजन ०.५६ आणि सुजलेल्या सांध्यांचं ०.२८, अगदी दुप्पट. त्यामुळे ज्याला सोबत फायब्रोमायल्जिया (सूज नसताना अंगभर दुखणं) आहे त्याची सूज पूर्ण उतरली तरी स्कोअर वरच राहतो आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही. तिसरं, टोसिलिझुमॅबसारखी आयएल-६ (दाह वाढवणारा रेणू) अडवणारी औषधं सीआरपी आणि ईएसआर हे रक्तातले दाहाचे आकडे (यातला एक डीएएस २८ मध्ये धरतात) थेट खाली आणतात, सांधे तितके सुधारलेले नसले तरी, मग डीएएस २८ मध्ये ते औषध आहे त्यापेक्षा भारी दिसतं. तुझ्या शीटमध्ये ही औषधं आहेत ना? मग सीडीएआय हा दुसरा स्कोअर पण काढ, त्यात रक्ताची तपासणीच नसते, नुसती चार आकड्यांची बेरीज. दोन्ही स्कोअर एकच सांगत असतील तर ठीक, वेगळं सांगत असतील तर तीच तुझी खरी गोष्ट आहे, तिथे थांब आणि खोलात जा.

एसीआर २०, म्हणजे २० टक्के सुधारणेचा निकष, याबद्दल पण गैरसमज काढून टाक. १९९५ मध्ये तो निकष ठरला तो कशासाठी, तर ट्रायलमध्ये खरं औषध आणि प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) यांच्यातला फरक ओळखता यावा म्हणून. त्या कामाला तो उत्तम आहे. पण २० दुखरे सांधे होते ते १६ झाले, सुजलेले १० होते ते ८ झाले आणि बाकीच्या पाचपैकी तीन गोष्टी २० टक्क्यांनी सुधारल्या की तो माणूस रिस्पॉन्डर. आता १६ सांधे दुखत असलेल्या माणसाला जाऊन सांग की तुम्हाला गुण आलाय! म्हणून कुठलाही पेपर वाचताना एसीआर २० वर थांबू नकोस, ५० आणि ७० किती जणांना मिळालं ते बघ, आणि प्लासिबो गटात किती जणांना मिळालं ते तर आधी बघ. लोक ट्रायलमध्ये शिरतात ते आजार सगळ्यात भडकलेला असताना, त्यातले काही तसेही थोडे खाली येणारच असतात.

हे झालं डॉक्टरच्या बाजूचं. पेशंटच्या बाजूचं जास्त महत्त्वाचं आहे आणि तिथेच आपण घाई करतो.

ओमेरॅक्ट नावाचा गट आहे, १९९२ मध्ये मास्ट्रिक्टला सुरू झाला, सांध्यांच्या आजारात काय मोजायचं हे एकमताने ठरवायचं हेच त्यांचं काम. पहिली दहा वर्षं तिथे सगळे तज्ज्ञच बसायचे. २००२ च्या बैठकीत पहिल्यांदा पेशंट बरोबरीने सहभागी झाले आणि त्यांनी थकवा पुढे आणला. झोपूनही न जाणारा, दुपारपर्यंत माणसाला गळपटून टाकणारा थकवा, आणि तो तोपर्यंतच्या मुख्य मोजमापांत नव्हताच. नंतर त्यांनी प्रत्येक आरए ट्रायलमध्ये जमेल तिथे थकवा मोजावा अशी शिफारस केली. विचार कर, इतकी वर्षं इतक्या हुशार लोकांनी काम केलं आणि पेशंट रोज ओपीडीत जे सांगत होते ते फॉर्मवर यायला पेशंटलाच खोलीत यावं लागलं. म्हणून प्रोटोकॉल लिहायच्या आधी तुझ्या ओपीडीतल्या आठ-दहा जणांना नुसतं विचार की पुढच्या सहा महिन्यांत एकच गोष्ट सुधारणार असेल तर कुठली हवी. उत्तरं लिहून ठेव, त्यांच्याच शब्दांत. ती उत्तरं सांध्यांच्या आकड्यात क्वचितच असतात.

एचएक्यू फॉर्मबद्दल (रोजची कामं किती जड जातात ते पेशंटला विचारणारा फॉर्म) एक बघितलेली गोष्ट सांगते. एक बाई प्रत्येक वेळी 'स्वतःचे कपडे घालता का, बटणं लावता का' यापुढे 'काही त्रास नाही' वर खूण करायच्या. हात बघितले तर अंगठा आणि पहिलं बोट धड जुळत नव्हतं. शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं की बटणं असलेला कपडा त्यांनी केव्हाच सोडून दिलाय, डोक्यावरून घालायचे सैल कपडेच वापरतात, मग त्रास कसला! फॉर्म खोटा नव्हता आणि बाईही खोटं बोलत नव्हत्या. माणूस आजाराला वळसा घालून जगायला शिकतो आणि आपला स्कोअर त्याला सुधारणा समजतो. म्हणून फॉर्म भरून घेणाऱ्याला हे शिकवावं लागतं की उपकरण वापरलं का, कुणाची मदत घेतली का, ते काम करणंच सोडलंय का, हे विचारायचं. आणि फॉर्म पेशंटने स्वतः भरावा, तोही डॉक्टरला भेटायच्या आधी. सोबत आलेल्या नातेवाइकाने भरायचा नाही आणि डॉक्टरसमोर तर नाहीच, कारण समोर डॉक्टर उभा असला की बरेच जण भिडेपोटी 'हो हो, खूप फरक आहे' म्हणतात. एचएक्यू ० ते ३ असतो, त्यात साधारण ०.२२ चा फरक पेशंटला जाणवण्याइतका मानतात. तुझ्या दोन गटांत ०.०८ चा फरक आला आणि पी व्हॅल्यू सुंदर आली (म्हणजे फरक नुसता योगायोग वाटत नाही) तर आनंद साजरा करू नकोस, एवढ्याशा फरकाने कुणाच्या हाताला नळ सोपा झाला असं म्हणता येत नाही.

सांधे मोजायला मात्र स्वतः शीक, कुणावर सोडू नकोस. पुस्तकात दोन ओळीत संपतं, हाताला बसायला खूप वेळ लागतो. दुखरेपणा बघताना आपल्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकंच दाबायचं, दर वेळी तितकंच, आणि नजर सांध्यावर ठेवायची नाही, चेहऱ्यावर ठेवायची, कारण काही लोक तोंडाने नाही म्हणतात आणि भुवई हलते. सूज म्हणजे हाडाचा टणक उंचवटा नव्हे, दोन अंगठ्यांमध्ये मऊ, थोडी स्पंजासारखी लागते ती. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (झिजेच्या संधिवाताच्या) गाठी सूज म्हणून मोजणारे मोठमोठे लोक मी बघितलेत. त्यात सकाळी नऊला तपासलेला पेशंट आणि दुपारी तीनला तपासलेला तोच पेशंट यांचे आकडे वेगळे येतात, आखडलेपणा सकाळी जास्त असतो ना. म्हणून प्रत्येकाची व्हिजिट शक्यतो त्याच वेळेला आणि तपासणारा तोच, आणि ट्रायल असेल तर त्या तपासणाऱ्याला कुठलं औषध चालू आहे हे माहीत नसलेलं बरं. हे काम कंटाळवाणं आहे, पेपरमध्ये एका वाक्यात जातं, पण बाकी सगळं त्याच्यावर उभं असतं.

आता तुझ्या फायलींकडे येऊ. बायोलॉजिक कुणाला मिळालं? ज्यांना मेथोट्रेक्सेटने (आधी दिलं जाणारं साधं औषध) भागलं नाही त्यांना, म्हणजे ज्यांचा आजार मुळात जास्त चिवट होता. आणि ज्यांना परवडलं त्यांना, म्हणजे जे फॉलोअपलाही जास्त नियमित येऊ शकतात. पहिल्या कारणाने औषध आहे त्यापेक्षा वाईट दिसेल, दुसऱ्याने चांगलं दिसेल, आणि दोन्ही एकमेकांना किती खोडतील हे कुणीच सांगू शकत नाही. पेशंटमधले इतर फरक हिशेबात धरणाऱ्या रिग्रेशन मॉडेलमध्ये चार कॉलम टाकले की हे मिटत नाही. जे लिहूनच ठेवलेलं नाही त्याचं अ‍ॅडजस्टमेंट कसं करणार? त्यामुळे 'बायोलॉजिक चांगलं की नाही' हा प्रश्न या फायलींना विचारूच नकोस. त्यांना विचारता येण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत, उदाहरणार्थ, आजार चढलेला दिसत असूनही औषध बदललं गेलं नाही अशा व्हिजिट किती, आणि त्या पेशंटचं वर्षाअखेर काय झालं.

हा प्रश्न छोटा वाटला तर ग्लासगोची टिकोरा ट्रायल वाच, २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. १११ पेशंट, औषधं साधीच, बायोलॉजिक एकही नाही. एका गटाला दर महिन्याला बोलवायचे, स्कोअर काढायचे आणि टार्गेटच्या वर असला की औषध वाढवायचेच, दुसऱ्या गटाची नेहमीची पद्धत. १८ महिन्यांनी रेमिशन ६५ टक्के विरुद्ध १६ टक्के. नवीन मॉलिक्यूल नाही, फक्त मोजणं आणि मोजल्यावर गप्प न बसणं. मला आजही आपल्या विषयातली ही सगळ्यात आशा देणारी गोष्ट वाटते.

शीटमध्ये अजून एक बघ, मधेच येणं बंद केलेले लोक. तू त्यांच्या ओळी डिलीट केल्यास असं लिहिलंयस, त्या आजच्या आज परत टाक. १०० जणांनी औषध सुरू केलं, वर्षाने ६० उरले, त्यातले ४५ बरे, तर तू ७५ टक्के लिहिणार की ४५? जे गेले ते का गेले हेच तर आउटकम आहे, कुणाला इन्फेक्शन झालं, कुणाला गुण आला नाही, कुणाचे पैसे संपले, कुणी बरं वाटलं म्हणून आलंच नाही. फोन कर त्यांना, अर्थात आधी एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन. वेळखाऊ आहे, कर.

आणि वेळेचं भान ठेव. १९४८ मध्ये डॉक्टर हेंच यांनी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये आरएच्या पेशंटना पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेले लोक काही दिवसांत चालायला लागले, १९५० मध्ये नोबेल मिळालं, आणि तोवर त्याची दुसरी बाजूही, म्हणजे दुष्परिणाम, दिसायला लागली होती. इन्फ्लिक्सिमॅब, टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू अडवणारं बायोलॉजिक, आलं तेव्हाही सांधे झपाट्याने सुधारले, २००१ मध्ये कळलं की दबून बसलेला टीबी उसळतोय, आणि म्हणूनच आज आपण औषध सुरू करायच्या आधी टीबी तपासतो. टोफासिटिनिबची (आरएवरची एक गोळी) ओरल सर्व्हेलन्स ट्रायल २०२२ मध्ये छापून आली, ५० च्या पुढचे आणि हृदयविकाराचा निदान एक धोका असलेले पेशंट मुद्दाम घेतलेले, आणि टीएनएफ अडवणाऱ्या औषधांच्या तुलनेत हार्टचे त्रास आणि कॅन्सर जास्त निघाले. मान्यतेच्या वेळच्या आटोपशीर ट्रायलमध्ये हे इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. म्हणून सहा महिन्यांच्या डेटावर 'सेफ आहे' हा शब्द लिहू नकोस. 'या काळात या गोष्टी दिसल्या' असं लिही, तेवढंच आपल्याला माहीत असतं.

ट्रायलमध्ये कोण घेतले जात नाही तेही बघायची सवय लाव. म्हातारे, किडनी कमजोर असलेले, आधी कॅन्सर होऊन गेलेले बाहेर ठेवतात आणि ओपीडीत नेमके तेच बसलेले असतात. म्हणून मला ग्लोरिया ट्रायल आवडते, ६५ च्या पुढचे ४५१ लोक, रोज ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड किंवा प्लासिबो, दोन वर्षं. आजार कमी झाला, सांध्यांची झीजही कमी झाली, पण त्रास वाढले, मुख्यतः इन्फेक्शन. दोन्ही बाजू समोर ठेवल्या की पेशंटशी बोलता येतं, काय हवं ते त्यांना ठरवू देता येतं.

तर आता असं कर. शीट बंद ठेव. एका पानावर लिही की कुठले पेशंट, कधीपासून, मुख्य आउटकम एकच, किती महिन्यांनी, कोण मोजणार, आणि न आलेल्यांचं काय करणार. मुख्य आउटकम खरंच एकच हवा, बाकीचे दुय्यम म्हणून आधीच लिहून ठेवायचे, नंतर जो छान दिसेल तो वर आणायचा नाही. ते पान घेऊन स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडे जा, डेटा न दाखवता. त्यांनी काय काय विचारलं ते मला लिहून पाठव, विशेषतः ज्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत ते. मग आपण फोनवर बोलू, रात्री नऊनंतर कधीही चालेल.

तुझी मॅडम