'सांग ना, काय करू?' म्हणणारा नवरा आणि साडेसातचं जेवण

प्रिय 'रोजचीच दमलेली',

पत्र वाचलं. सातला घरी पोचतेस, साडेसातला दोन्ही मुलं भुकेनं किरकिर करतात, आठवड्यातून तीन-चारदा बाहेरून मागवलं जातं आणि मग झोपताना तुलाच टोचणी लागते. रविवारी पाच दिवसांचं करून ठेवलंस तर गुरुवारी त्याला कोणी हात लावेना. नवरा म्हणतो 'मी करतो ना मदत, तू फक्त सांग'. आणि एवढं सगळं लिहून शेवटी मागितलंस काय, तर झटपट हेल्दी रेसिपी!

अगं रेसिपी तुझ्या फोनमध्ये ढिगानं सेव्ह असतील. तुला दमवतंय ते चिरणं-ढवळणं नाहीच, दिवसभर डोकं वापरून झाल्यावर फ्रिजचं दार उघडून 'आज काय' ठरवणं दमवतंय, आणि ते ठरवायचं काम घरात एकट्या तुझ्याच गळ्यात पडलंय.

म्हणून पदार्थ ठरवायचा सोडून दे, ताटाचा साचा ठरव. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव भाग धान्य, पाव भाग डाळ-अंडी-मासे यातलं काहीतरी. हे माझ्या मनचं नाही, हार्वर्डच्या आरोग्यवाल्यांनी २०११ मध्ये असंच ताट आखून दिलंय. मसूर डाळ भिजवावी लागत नाही, १५-२० मिनिटांत शिजते, म्हणजे आल्या आल्या गॅसवर ठेवायची आणि मग कपडे बदलायला जायचं, उतरवायच्या दोन मिनिटं आधी मूठ-दोन मुठी पालक आत टाकायचा, शेजारी भात किंवा ब्रेड, झालं जेवण. फ्रोजन मटार, फ्रोजन भाज्या बिनधास्त वापर, तोडल्यावर लगेच गोठवलेल्या असतात त्यामुळे पोषणात ताज्यापेक्षा फारशा कमी नसतात. डब्यातले चणेही चालतात, फक्त चाळणीत धुवून घे, मीठ बरंच निघून जातं.

मुलांचं म्हणशील तर सात वाजता बिस्किटं देऊ नकोस, गाजर-काकडी कापून दह्याची वाटी टेबलावर ठेव आणि काही बोलू नकोस. खरी भूक लागलेली असते तेव्हाच भाजी न भांडता पोटात जाते, जेवताना मग अर्ध्या ताटावरून युद्ध नको.

रविवारच्या प्रयोगात मुलांचं काही चुकलं नाही बरं का. शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये ३-४ दिवसच ठीक राहतं, पाचव्या दिवशी तोंड वाकडं होणारच. पूर्ण जेवण करून ठेवूच नको, अर्धवट तयारी ठेव, म्हणजे चणे उकडून छोट्या पिशव्यांत चपटे करून फ्रीजरमध्ये, कांदा-टोमॅटो परतून एका डब्यात. भात मात्र ओट्यावर तासन्‌तास ठेवायचा नाही, पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकायचा, कारण त्यातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही.

आता नवरोबा. 'सांग, काय करू' ही मदत नाही गं, यात मुकादमकी तुझ्याकडेच राहते. त्याला आठवड्यातले दोन दिवस पूर्ण देऊन टाक. काय करायचं हे ठरवणं, सामान आणणं, करणं, नंतरचा ओटा पुसणं, सगळं. हे आज रात्री भुकेल्या पोटी काढू नकोस, भांडण होईल, सुट्टीच्या दिवशी चहा घेताना सरळ सांग की मंगळवार आणि शुक्रवार तुझे. पहिले काही आठवडे सगळ्यांना अंडी आणि टोस्टच मिळेल कदाचित, मिळू दे, सोबत टोमॅटो कापला की ते चांगलंच जेवण आहे. त्याच्या दिवशी त्यानं बाहेरून मागवलं तरी तू नाक मुरडायचं नाही. तुझ्याही एखाद्या दिवशी मागव की, एका रात्रीनं कुणाची तब्येत बिघडत नाही, फक्त त्याची टोचणी लावून घेऊ नकोस.

आणि मंगळवारी किचनमधून 'अगं मीठ कुठंय?' अशी हाक आली तर बसल्या जागेवरून 'डब्यात' म्हण, उठू नकोस.

तुझी ताई