आर्थर रसेल: गाणं धरा, शैली सोडा

प्रश्न असा आहे की आर्थर रसेल हे नाव एका यादीत डिस्कोखाली सापडलं आणि दुसऱ्या यादीत प्रायोगिक चेलोवादकांमध्ये (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जातलं वाद्य). मग हे दोघे एकच का, आणि ऐकायला सुरुवात कुठून करायची?

माणूस एकच. गोंधळ झाला यात तुमची चूक नाही, त्याची सोय त्यानेच करून ठेवली होती. नाचाच्या रेकॉर्डवर तो टोपणनावं लावायचा: डायनोसॉर, लूज जॉइंट्स, डायनोसॉर एल, इंडियन ओशन. (शेवटच्या नावाचा आपल्याकडच्या बँडशी काडीचाही संबंध नाही. शोधताना हमखास घोळ होतो म्हणून सांगतोय.)

जन्म १९५१ चा, आयोवातल्या ऑस्कालूसा गावातला. घर सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथे एका बौद्ध कम्यूनमध्ये, म्हणजे एकत्र राहणाऱ्यांच्या वसाहतीत राहिला, अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात शिकला, कवी अॅलन गिन्सबर्गच्या वाचनाला चेलोची साथ केली. १९७३ मध्ये न्यूयॉर्क. वर्षभरात तो ‘द किचन’ या प्रयोगशील कलांच्या जागेचा संगीत संचालक झाला आणि तिथे त्याने मॉडर्न लव्हर्स हा चक्क रॉक बँड आणला. अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याला मात्र एकच सूर घटकाघटका घोळवणारे मिनिमलिस्ट संगीतकार आणि तीनच कॉर्डवर उभं राहिलेलं रॉक गाणं यांत फारसा फरक दिसत नव्हता. डिस्कोत तो शिरला तोही याच दारातून. १९७८ मध्ये ‘किस मी अगेन’ आलं, त्यात गिटार टॉकिंग हेड्स या रॉक बँडच्या डेव्हिड बर्नची.

इथे एक नाव लक्षात ठेवा: संगीतकार आणि गायक ज्युलियस ईस्टमन. डायनोसॉर एलच्या ‘गो बँग’मध्ये जो आवाज मध्येच बेभान उसळतो तो त्याचा. आणि १९८३ साली मिनिमलिस्ट संगीतकार फिलिप ग्लासच्या रेकॉर्ड लेबलने काढलेल्या ‘टॉवर ऑफ मीनिंग’ या रसेलच्या अतिसंथ वाद्यवृंदरचनेचा संचालकही तोच. दोन्ही रेकॉर्ड एकामागून एक लावा. जग वेगळं, माणसं तीच.

आता मुख्य रेकॉर्ड. १९८६ चा ‘वर्ल्ड ऑफ एको’. मुख्यतः चेलो आणि गळा. दोन्ही एकोमधून, म्हणजे प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढलेले, त्यामुळे शब्द संपायच्या आत त्याचीच सावली परत येते. गज तारेवर घासल्याचा खरखरीत आवाज त्याने पुसलेला नाही, उलट कित्येकदा त्या खरखरीवरच ठेका धरलाय. आलाप ऐकायची सवय असेल तर तुम्हाला हे जड जाणार नाही: शब्दाचा अर्थ मागे राहतो, स्वर पुढे सरकतात. ड्रम नाहीत, तरी पाय हलतो.

का हलतो, ते कळायला एक प्रयोग करा. या रेकॉर्डवरचं ‘ट्री हाउस’ ऐका आणि लगेच त्याच साली इंडियन ओशन नावाने आलेलं ‘स्कूल बेल/ट्रीहाउस’ लावा, डीजे वॉल्टर गिबन्सने मिक्स केलेलं, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज नव्याने जुळवलेलं. तेच गाणं, पण आता तालवाद्यांनी गजबजलेलं. ‘लेट्स गो स्विमिंग’चंही तसंच, एकटं आणि नाचाचं अशी दोन्ही रूपं मिळतात. म्हणून म्हणतो, शैलीचे कप्पे करून ऐकू नका. एक गाणं धरा आणि त्याची रूपं शोधा. तोही तेच करत होता. ताजं मिक्स वॉकमनमध्ये घालून न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या फेरीबोटीत बसून ऐकायचं, परत येऊन बदलायचं, पुन्हा ऐकायचं.

‘त्याला काही पूर्णच करता यायचं नाही’ हे त्याच्याबद्दलचं नेहमीचं पालुपद मला अर्धंच पटतं. रेकॉर्ड कंपन्या वैतागल्या असतील, आणि जवळच्या माणसांनाही ते सोपं गेलं नसणार. पण ४ एप्रिल १९९२ ला एड्सने तो गेला तेव्हा वय अवघं ४० होतं आणि मागे टेपांचे ढीग होते. १९९४ चं ‘अनदर थॉट’, २००४ चं ‘कॉलिंग आउट ऑफ कॉन्टेक्स्ट’, २००८ चं कंट्री-फोक वळणाचं ‘लव्ह इज ओव्हरटेकिंग मी’, सगळं त्या ढिगातून निघालं. मात्र मरणोत्तर रेकॉर्डवर कुठलं रूप घ्यायचं हे दुसऱ्यांनी ठरवलंय, एवढं भान ठेवून ऐका.

सुरुवात ‘अनदर थॉट’मधल्या ‘अ लिटल लॉस्ट’ने करा, सगळ्यात मोकळं गाणं तेच. मग ‘गो बँग’चं डीजे फ्रँस्वा केव्होर्कियनने केलेलं मिक्स. ‘वर्ल्ड ऑफ एको’ त्यानंतर, रात्री, हेडफोन लावून. मोबाईलच्या स्पीकरवर त्यातला चेलो निम्मा गायब होतो आणि उरतं ते नुसतं पुटपुटणं. मी पहिल्यांदा तसंच ऐकलं होतं आणि दहा मिनिटांत बंद केलं होतं.