अमेरिकेत साथीच्या फ्लूची लस सरकार फुकट देतं म्हणतात, मग डॉक्टरकडून बिल कसं येतं? ही बिलिंगवाल्यांची हेराफेरी असते का?

हेराफेरी हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. पुण्यात बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बिलिंग केलंय मी, नाइट शिफ्टला, आणि तेही नेमकं २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वर्षी.

लस फुकट होती हे खरंच. तिथल्या केंद्र सरकारने ती विकत घेऊन दवाखान्यांना दिली होती, त्यामुळे लसीचे पैसे कुणाकडूनच घ्यायचे नाहीत असा करार होता. पण टोचायचे पैसे लावता यायचे, फक्त त्या भागातल्या मेडिकेअरच्या (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा) दराच्या वर जायचं नाही. म्हणजे क्लेमवर, इन्शुरन्सकडे पैसे मागायच्या अर्जावर, दोन ओळी, प्रत्येकीला ठरलेला कोड. लसीचा कोड ९०६६३, चार्ज शून्य. टोचण्याचा कोड ९०४७०, तो त्याच सप्टेंबरअखेर नवा काढलेला. इन्शुरन्सने भरायची ती टोचण्याची ओळ. आमचं सॉफ्टवेअर शून्याची ओळ घ्यायचंच नाही, मग लसीसमोर एक सेंट टाकायचो.

ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा बंद, मल्टिप्लेक्स बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, कॅबमध्ये सगळे मास्क लावून गप्प बसलेले. आपल्याकडे लस यायला पुढचं वर्ष उजाडलं, आणि इकडे आम्ही ऑक्टोबरपासून रात्रभर तिकडच्या पोरांच्या लशींचे क्लेम भरतोय. असो.

तर न्यू जर्सीच्या एका लहान मुलांच्या दवाखान्याचे क्लेम ढिगाने परत आले. डिनायलचं, म्हणजे नकाराचं कारण सीओ-१८१, ज्या तारखेला टोचलं त्या तारखेला टोचण्याचा हा कोड वैध नव्हता म्हणे. अहो, वैध कसा नाही, कोड नवीन होता आणि इन्शुरन्सवाल्यांनी तो आपल्या सिस्टीममध्ये चढवलाच नव्हता. आमचा टीएल, म्हणजे टीम लीडर, म्हणाला, बिल पेशंटवर ट्रान्सफर कर, वीसेक डॉलरसाठी कोण फॉलोअप करत बसणार, महिनाअखेरीला एजिंग, म्हणजे थकलेल्या पैशांची यादी, क्लीन दिसलं पाहिजे. मी म्हटलं, सर, हे सीओ आहे, पीआर नाही. सीओ असेल तर डॉक्टर आणि इन्शुरन्सने आपसात निस्तरायचं, पेशंटकडे पैसे मागायचे नाहीत, पीआर असेल तरच पेशंटचा हिस्सा. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. तर सगळ्या फ्लोअरसमोर म्हणे, तू फार शहाणी आहेस.

मी फोन लावला. होल्डवर ते तेच तेच म्युझिक, मग एकदाची बाई आली, मान्य केलं की कोड अजून लोड झाला नाही, रेफरन्स नंबर दिला, आणि पुढे सगळे रीप्रोसेस होऊन पैसेही आले. पण तोवर टीएलने दुसऱ्या एका मुलाला बसवून उरलेली अकाउंटं पेशंटकडे ढकलली होती, घरोघरी स्टेटमेंटं गेली, आया दवाखान्यात फोन करून भांडल्या. अप्रेझलला त्याचं क्लीन एजिंग म्हणून कौतुक आणि मी म्हणे टीम प्लेयर नाही. तेव्हा बिलिंगवाले हेराफेरी करतात असं सरसकट लिहू नका. आळस करतात, आणि तो वरून आलेला असतो.

तुमच्या बिलाचं काय, तर आधी इन्शुरन्सकडून आलेला ईओबी, म्हणजे त्यांनी किती भरलं आणि तुमचा हिस्सा किती ते सांगणारा कागद, काढा, बिल बाजूला ठेवा आणि लगेच भरू तर मुळीच नका. तुमचा हिस्सा शून्य लिहिलाय आणि दवाखाना तरी मागतोय, तर फोन करून सरळ विचारा, डिनायल सीओ आहे की पीआर. समोरचा गडबडला की समजायचं आमच्या टीएलचाच कुणी भाऊबंद आहे. कोड जुना-नवा झाला असेल तर दुरुस्त क्लेम पाठवणं हे त्यांचं काम, तुमचं नाही. आणि लसीसोबत व्हिजिटची, म्हणजे डॉक्टरने तपासल्याची, वेगळी ओळ लागली आहे का तेही बघा. नुसतं टोचून आलात आणि व्हिजिट लावली असेल तर भांडा, पण त्याच वेळी खोकला-बिकला दाखवला असेल तर ती ओळ बरोबर आहे, तिथे कोपे, म्हणजे दर भेटीला पेशंटने भरायची ठरलेली रक्कम, लागू शकतो.

हे सगळं नेटवर्कमधल्या, म्हणजे तुमच्या इन्शुरन्सशी करार असलेल्या डॉक्टरचं सांगतेय हं. २०१० च्या आरोग्य विम्याच्या कायद्यानंतर (ओबामाकेअर) बहुतेक प्लॅनना शिफारस केलेल्या लशी पेशंटकडून काही न घेता द्याव्या लागतात, पण नेटवर्कबाहेर गेलात तर ते बंधन नाही, आणि काही जुने प्लॅन त्यातून सुटलेले आहेत. आई-बाबांना व्हिजिटर इन्शुरन्सवर घेऊन जाणार असाल तर यातलं काहीच लागू नाही, त्यात अशी लस सहसा धरलेलीच नसते, काउंटीच्या (तिथला जिल्हा) हेल्थ डिपार्टमेंटला फोन करून फुकट कॅम्प कधी आहे ते विचारा.